नावे घेऊन गेलेली माणसे

केनियातील लायकीपियाच्या पठारावर, नान्युकी गावापासून जवळच, ओल पेजेटा ही कॉन्झर्व्हन्सी आहे. विषुववृत्त तिच्यातून जाते आणि आभाळ निवळले की माउंट केनिया दिसतो. ‘अभयारण्य’ हा आपला शब्द इथे नीट बसत नाही, कारण अभयारण्य म्हटले की सरकारी जंगल डोळ्यांसमोर येते. कॉन्झर्व्हन्सी उभी राहते ती खाजगी किंवा सामुदायिक जमिनीवर. त्यामुळे तिचा इतिहास हा आधी जमिनीचा इतिहास असतो, प्राण्यांचा नंतर.

पाहुण्याला मात्र तो उलट्या क्रमाने भेटतो. आम्हांलाही तसाच भेटला. प्रथम गेंडे दिसले, मग गेंड्यांची दफनभूमी. माळावरच्या एका एकाकी झाडाखाली शिळा मांडल्या आहेत. प्रत्येकीवर गेंड्याचे नाव आणि तो कसा मेला याची नोंद. बहुतेक शिंगासाठी मारले गेलेले. उत्तरी पांढऱ्या गेंड्यांपैकी शेवटचा नर, सुदान, १९ मार्च २०१८ रोजी ओल पेजेटातच गेला. तो डिसेंबर २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातील प्राणिसंग्रहालयातून इथे आला होता. त्याच्यामागे उरल्या त्या मुलगी नाजिन आणि नात फातू. एका प्राण्याच्या नावाने दगड उभारावा, यात आम्हांला भाबडेपणा वाटला नाही. नाव घेतल्याशिवाय शोक करता येत नाही.

पण याच गवतावरून जी माणसे हलवली गेली, त्यांच्यासाठीची शिळा काही आमच्या पाहण्यात आली नाही.

१९०४ मध्ये ब्रिटिशांनी मासाईंशी करार केला. रेल्वेलगतची रिफ्ट खोऱ्यातील कुरणे गोऱ्या वसाहतकारांना हवी होती. मासाईंनी ती सोडावीत आणि बदल्यात उत्तरेला लायकीपिया व दक्षिणेला एक अशी दोन राखीव क्षेत्रे घ्यावीत, असे ठरले. मासाई वंश अस्तित्वात असेपर्यंत ही व्यवस्था टिकेल, असे वचन होते. ते सात वर्षे टिकले. १९११ च्या दुसऱ्या कराराने लायकीपियाही गेले आणि १९१३ पर्यंत माणसे व गुरे दक्षिणेकडे हाकलली गेली. ओले गिलिशो या नेत्याच्या बाजूने गोष्ट न्यायालयात गेली. १९१३ चा निकाल मुद्दाम वाचण्यासारखा आहे: मासाई हे ब्रिटिश प्रजाजन नव्हेत, त्यांच्याशी झालेला करार हा दोन सत्तांमधला तह, म्हणून तो मोडल्याची तक्रार या न्यायालयात चालणार नाही! सार्वभौमत्व बहाल झाले ते नेमके जमीन जाताना.

पुढे ओल पेजेटा गुरांचे रँच झाले; लॉर्ड डेलामेर, अदनान खशोगी अशा हातांतून फिरले. १९८८ मध्ये त्याच्या एका भागात काळ्या गेंड्यांसाठी स्वीटवॉटर्स राखीव क्षेत्र निघाले. २००४ मध्ये ‘फॉना अँड फ्लोरा इंटरनॅशनल’ या संस्थेने जमीन विकत घेतली आणि सुमारे ९०,००० एकरांची कॉन्झर्व्हन्सी आकाराला आली. त्याच वर्षी, पहिल्या कराराला शंभर वर्षे झाली म्हणून मासाई लायकीपियात जमीन परत मागत होते. सरकारने मागणी फेटाळली. आणखी एक गंमत म्हणावी तर अशी, की ओल पेजेटात आज वन्यप्राण्यांच्या सोबतीने बोरान गुरे चरतात आणि रात्री त्यांना बोमात, म्हणजे गोठणात, कोंडतात. गुरे आणि श्वापदे एकाच कुरणात, ही रीत पशुपालकांना कुणी शिकवायला नको होती.

साहित्याच्या अभ्यासकांना यातला एक धागा ओळखीचा वाटेल. कॅरन ब्लिक्सन १९१४ मध्ये केनियात आली, म्हणजे हे स्थलांतर संपले त्याच्या दुसऱ्याच वर्षी. न्गाँग टेकड्यांपाशी तिचा कॉफीचा मळा होता आणि शेजारी मासाईंचे दक्षिणेचे राखीव क्षेत्र. ‘आउट ऑफ आफ्रिका’ (१९३७) मध्ये ती नोंदवते की, जुना मुलूख सोडताना मासाईंनी तिथल्या टेकड्यांची, माळांची, नद्यांची नावे बरोबर आणली आणि नव्या भूमीला दिली. प्रवासी त्यामुळे गोंधळतो, असेही ती म्हणते. हे पुस्तक आजवर करुणरम्य आठवणींसाठी वाचले गेले. त्याच्यावर वसाहती नजरेचा आरोप होतो, तोही रास्तच. तरी ही एक नोंद त्या न्यायालयीन निकालापेक्षा अधिक सांगते, असे आमचे मत आहे.

ओल पेजेटातून वाहणाऱ्या नदीचे नाव एवासो न्यिरो. दक्षिणेत, नारोकच्या बाजूलाही एक एवासो न्यिरो आहे. ती नेट्रॉन सरोवराला जाऊन मिळते.