साखळीला उतरणारी वाट

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सरळ पुढे जातो आणि उजव्या हाताला जांबोटीचा फाटा फुटतो. बेळगावहून गोव्याला निघालेली गाडी आता बहुधा इथेच वळते. किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग घाट उतरून केरी आणि त्यापुढे साखळी.  गाडीतल्यांचं मन कळंगुटच्या वाळूत असतं, त्यामुळे साखळीच्या बाजारात फक्त वेग कमी होतो. याची मला खरोखर हळहळ वाटते. पोर्तुगीज अमलातलं एखादं लहान गाव आणि त्याचा परिसर निवांत पाहायचा असेल, तर ते घाटाच्या पायथ्यालाच आहे. पण साखळी समजायची तर आधी घाटावरून खाली कोण उतरलं आणि खालून वर काय आलं, हे पाहावं लागतं.

बाराव्या शतकात घाटावर आणि घाटाखाली एकच राज्य होतं. गोव्याच्या कदंबांची एक राजधानी किनाऱ्यावर गोपकपट्टणला, तर दुसरी राजधानी आपल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला. सह्याद्री ही त्यांची हद्द नव्हती, राज्याच्या मधोमध उभा असलेला डोंगर होता. या कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर. दिवाडी बेटावरचं त्याचं देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडलं. लिंग नदीपलीकडे डिचोली महालातल्या नार्व्याला नेलं गेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. हलशीला भूवराह नरसिंहाचं दर्शन घेतलेल्या आपल्याकडच्या किती जणांनी नार्व्याची वाट धरली असेल? दोन्ही ठिकाणं एकाच राजघराण्याची आहेत आणि नार्वे साखळीपासून जवळ आहे.

पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले, तरी साखळी पुढची दोनशेहून अधिक वर्षं त्यांच्या हातात नव्हती. आधी आदिलशाही, मग मराठे आणि सावंतवाडीचे सावंत भोसले. 1746 मध्ये आलोर्नाच्या मार्किसने डिचोली आणि साखळी घेतली, ती पुढे सुटली, आणि 1781 मध्ये पोर्तुगीजांचा अंमल तिथे पक्का झाला. गोव्यात या मुलखाला नव्या काबिजादी म्हणतात. उशिरा आलेल्या या सत्तेत धर्मांतराचा पहिला आवेश उरला नव्हता आणि इथल्या लोकांच्या धर्माला, रीतिरिवाजांना हात न लावण्याचं धोरण तिने धरलं. म्हणूनच त्यांच्या आधीच्या मुलखात, तिसवाडी-बार्देशात, जुनी देवळं शोधावी लागतात, तर साखळीत वाळवंटी नदीच्या काठी राण्यांचा विठ्ठल जागेवर उभा आहे.

हे राणे म्हणजे साखळी-सत्तरीचे वतनदार, आणि पोर्तुगीजांना सर्वांत जास्त झुंजवलं ते त्यांनीच. 1852 मध्ये दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला. तो उठाव 1855 पर्यंत चालला. 1895 मध्ये दादा राण्यांच्या बंडाने असा भडका उडाला की लिस्बनहून राजाचा भाऊ अफोंसो फौज घेऊन आला. पाठीशी सह्याद्रीचं रान असल्याशिवाय अशी बंडं इतकी टिकत नाहीत.

मग ही वाट मागे का पडली? घाटावर इंग्रजांचं राज्य आलं, बेळगावात छावणी बसली आणि तिचं बंदर ठरलं वेंगुर्ला. परक्या हद्दीत उतरणाऱ्या घाटापेक्षा रामघाट आणि नंतर आंबोलीकडे त्यांनी लक्ष दिलं. त्यातच 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज तह झाला. गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचं नियंत्रण आलं. बैलांच्या पाठीवरून घाट चढणाऱ्या मिठाचा जुना व्यापारच त्याने आवळला. त्याच तहातून मुरगाव बंदराची रेल्वे निघाली आणि 1888 पर्यंत ती कॅसलरॉकमार्गे लोंढ्याकडे जोडली गेली. माल तिकडे गेला, प्रवासी तिकडे गेले. जकातीची तपासणीही कॅसलरॉक आणि कुळेला होऊ लागली.

1955 मध्ये तोही दरवाजा मिटला. सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबली. बेळगाव तेव्हा गोवा मुक्तीच्या चळवळीचं मोठं केंद्र होतं, आणि डिसेंबर 1961 मध्ये लष्करी मोहिमेचा तळही इथेच होता. 19 डिसेंबरला गोवा मोकळा झाला. म्हणजे साखळी आणि आपल्यामध्ये पोर्तुगीजांची सरहद्द उभी राहिली ती फक्त 180 वर्षं. कदंबांचं राज्य त्याच्या कितीतरी आधीचं.

आज या वाटेने बेळगावची भाजी रोज गोव्यात उतरते. कुसमळीला मलप्रभेवरच्या ब्रिटिशकालीन पुलाच्या जागी नवा पूल झाला आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ, तिथे थांबावंच. खाली केरीजवळ अंजुणे धरण दिसतं. साखळीत विठ्ठल, दत्तमंदिर आणि लहानसा किल्ला, तिन्ही पाहून होतात. पण मला या परिसरात सर्वांत मोलाचं वाटतं ते हरवळे. जांभ्या दगडात कोरलेल्या लेण्यांत शिवलिंगं आहेत. ही लेणी कदंबांच्याही कित्येक शतकं आधीची. शेजारीच धबधबा कोसळतो आणि त्याच्याजवळ रुद्रेश्वराचं देऊळ आहे. तिथून मयेचा तलाव आणि नार्वे एका फेरीत होतात.

पावसाळ्यात हरवळ्याचा धबधबा भरून वाहतो, पण तेव्हा घाटात धुकं असतं आणि दरडी कोसळतात. म्हणून दिवसाउजेडी उतरा. जमलं तर कार्तिकातल्या त्रिपुरारी पौर्णिमेला जा, त्या रात्री साखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटीत सजवलेल्या नौका सोडतात. पिरनवाडीच्या फाट्यावर पुढच्या वेळी वळाल तेव्हा समुद्राचा एक दिवस कमी करा आणि तो साखळीला द्या.