कावसजीचे नाक

दोन वर्षांपूर्वी माझ्या नाकाचे वाकडे हाड ऑपरेशन करून सरळ केले. नंतर दोन्ही नाकपुड्यांत पट्ट्या कोंबलेल्या. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घशाला अशी कोरड पडली, की सौ. चमच्याचमच्याने पाणी पाजत बसली होती. डोळा लागला की जीव घाबरा होऊन जाग यायची. तेव्हा मला कावसजी आठवला.

आपण बंगळूरकर, पाहुणे आले की त्यांना श्रीरंगपट्टण दाखवतोच. १७९२ च्या त्या युद्धात कावसजी इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. (नाव पारशी वाटते, पण इंग्रजी मासिकाने त्याला मराठा शेतकरी म्हटले आहे.) टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह छापली. त्यात करणाऱ्याचे नाव मात्र नाही!

रीत अशी. मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरायचे, तेवढी कातडी सोडवायची, पण भुवयांच्या मधला धागा तोडायचा नाही. कातडी उलटून खाली आणायची, काताचा लेप लावलेल्या कापडाने बसवायची, मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो धागा कापायचा. हे वाचूनच लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये असे ऑपरेशन केले.

सगळे कौतुक करतात ते चेहऱ्याचे. मला मोठी वाटते ती एक बारीक गोष्ट. दहाव्या दिवशी नव्या नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत, भोके बुजू नयेत म्हणून. सुश्रुतही गालाच्या कातडीचे नाक सांगताना आत दोन नळ्या ठेवायला सांगतो. नाक दिसण्याआधी श्वासासाठी आहे, हे या मंडळींना पक्के ठाऊक होते.

पुढचे नाक गेले तरी आतल्या वाटेने श्वास चालतो, पण हवा थेट आत शिरते, आतली ओल सुकते, खपल्या धरतात. नाकातल्या ओल्या, रक्ताने भरलेल्या पडद्यांवरून जाताना हवा गरम आणि दमट होते, धूळ अडते. नाकपुड्या आलटून पालटून जास्त वाहतात, हे जर्मन डॉक्टर कायझरने १८९५ मध्ये मांडले. आपल्याकडे चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणत आले, ते निरीक्षण याच्या जवळचे. नाकाजवळच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन श्वासाबरोबर फुफ्फुसांत जातो, हे तर १९९० नंतर कळले. तोंडाने घेतलेल्या श्वासाला हा वायू फारसा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या पट्ट्या काढल्या. पहिला श्वास आत गेला तो थंडगार लागला, आणि त्याच्या मागोमाग वॉर्डातल्या फिनेलचा वास. सौ.ला म्हटले, ‘‘किती छान वास येतोय!’’ तिने नर्सला हाक मारली.