पांढऱ्या डोळ्यांची माशी

आमच्या शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात मांसावर निळ्या माश्या घोंघावतात. त्यांच्याच जातकुळीतल्या माशीने १९६६ साली विज्ञानाचं मोठं काम केलं. कीटकाच्या डोळ्यातलं रंगद्रव्य कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषतं, हे हेल्मुट लांगर आणि बो थोरेल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, एकेका पेशीतल्या बारीक दांडीतून प्रकाशकिरण सोडून मोजलं.

अडचण अशी, की शेजारच्या भिंगातला तिरपा प्रकाश अडवायला माशीच्या डोळ्यात लालसर पडदाही असतो. तो मध्ये आला की मोजमाप पडद्याचं होतं, दृष्टीचं नाही. म्हणून त्यांनी हा पडदाच नसलेली, पांढऱ्या डोळ्यांची माशी घेतली. माझ्या मते खरी हुशारी यंत्रापेक्षा या निवडीत होती.

पण द्रव्य मोजलं तरी कीटक रंग ओळखतो का, हे त्याच्या वागण्यातूनच कळतं. भीमाशंकरच्या जंगलातला निशाचर भुंगा नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात घरट्याजवळच्या खुणेचा रंग ओळखतो, हे हेमा सोमनाथन, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रेनी बोर्जेस आणि त्यांच्या स्वीडनमधल्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं. अमावस्येच्या गस्तीवर आम्हा जवानांना मात्र सगळं करडंच दिसायचं.