चक्का आणि चीज : दोन फडक्यांचा इतिहास

विजयादशमीला शिंदे घराण्याची पूजा गोरखीच्या देवघरात होते आणि त्याच दिवशी लष्करातील जुन्या मराठी घरांत श्रीखंड-पुरीचे पान वाढले जाते. दौलतराव शिंद्यांची छावणी इ. स. १८१० मध्ये येथे स्थिरावली. आपल्या पूर्वजांबरोबर दही फडक्यात बांधून रात्रभर टांगण्याची रीतही तेव्हा नर्मदा ओलांडून आली, असे मानण्यास हरकत नसावी.

ही रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात शिखरिणीचा उल्लेख येतो. श्रीखंड हे नाव तिच्यावरूनच आले, असे अनेक अभ्यासक मानतात.

योगायोग असा की, त्याच शतकात फ्रान्समधील एका पंथाचे ख्रिस्ती साधू इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात येऊन चीज करू लागले. तेच पुढे ‘वेन्स्लीडेल’ म्हणून प्रसिद्धीस आले. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडले, तेव्हा ही विद्या शेतकऱ्यांच्या घरी गेली आणि गृहिणींनी ती राखली.

दोन्हीकडे मूळ क्रिया एकच : दूध घट्ट करावयाचे आणि पाणी गाळावयाचे. भेद पुढे आहे. इंग्रज वासराच्या जठरातील रसाने दूध साकळवतो, त्यास मीठ लावतो, दाबतो आणि थंड कोठीत मुरवतो. उन्हाळ्याचे दूध हिवाळ्यात खाण्याची ती युक्ती आहे. आपण विरजणावर भागवतो. आपल्या हवेत चक्का फार टिकत नाही. दूध टिकवण्याचे काम आपल्याकडे तुपाने केले. म्हणून चक्का सणाचाच राहिला. त्याचे पाणी मात्र कणीक भिजवण्यास वा कढीस कामी येई.

दोहोंवर संकटही सारखेच आले. १८९७ मध्ये हॉझ या गावी वेन्स्लीडेलचा पहिला कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने दूध एका ठरावीक टिकाऊ चीजकडे वळवले आणि घरोघरची परंपरा जवळजवळ खुंटली. हॉझचा कारखाना १९३५ मध्ये किट कॅल्व्हर्ट या स्थानिक गृहस्थाने लोकांना एकत्र करून वाचवला. १९९२ मध्ये मालक कंपनीने तो बंद केला, तेव्हा त्याच वर्षी माजी व्यवस्थापकांनी कामगारांच्या साथीने तो पुन्हा सुरू केला.

आपल्याकडेही यंत्राने चक्का होऊ लागला आणि श्रीखंड डब्यात आले. २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांत चक्क्याचा घनांश किमान ३० टक्के आणि श्रीखंडाचा किमान ५८ टक्के ठरवला गेला. हे मोजमाप उपयुक्तच आहे. आमचा डब्यावर राग नाही. परंतु दही किती आंबट असावे, गाठ केव्हा सोडावी आणि पुरणयंत्रातून चक्का किती वेळा काढावा, याचे उत्तर कोणत्याही विनियमात नाही. ते आजीच्या हातात होते.

हॉझच्या लोकांपुढे निदान बंद झालेला दरवाजा होता. तो उघडावा हे त्यांना उमगले. आपले फडके कोणी हिरावून नेले नाही. खुंटीवरून ते आपणच उतरवले, आणि तेही केव्हा, हे आपल्यालाच आठवत नाही. येत्या दसऱ्याच्या आदल्या रात्री ते पुन्हा टांगावे, आणि गाठ मात्र घरातील धाकट्याकडून मारून घ्यावी, एवढेच आमचे आपणा सर्वांस सांगणे.