अर्ज, मौन आणि ‘लोक’ : अमेरिकी प्रतिनिधिगृह, १८३६–१८४४

शासनावरील नागरिकांच्या देखरेखीचा विचार बहुधा मतदानापासून सुरू केला जातो. अमेरिकी इतिहासात मात्र मताधिकार नसलेल्यांनी शासनाला जाब विचारल्याचे एक लक्षणीय प्रकरण आढळते, आणि त्यांचे साधन होते साधा अर्ज. १७९१ साली संमत झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने गाऱ्हाण्यांच्या निवारणार्थ शासनाकडे अर्ज करण्याचा अधिकार ‘लोकांना’ दिला. तेथे ‘मतदार’ हा शब्द नाही. पुढील सारा वाद या शब्दाभोवतीच फिरला.

राज्यांमधील गुलामगिरी काँग्रेसच्या कक्षेबाहेरची मानली जाई. राजधानीचा प्रदेश मात्र थेट तिच्या अधिकारात होता. म्हणून १८३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीने तेथील गुलामगिरी रद्द करावी अशी मागणी करणाऱ्या अर्जांची मोहीम उघडली. घरोघर फिरून सह्या गोळा करण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. २६ मे १८३६ रोजी प्रतिनिधिगृहाने ठरविले, की गुलामगिरीविषयक कोणताही अर्ज न छापता, समितीकडे न पाठविता बाजूस ठेवावा. १८४० मध्ये तर असे अर्ज स्वीकारूच नयेत असा स्थायी नियम झाला. मुसकटदाबी हेच त्याचे यथार्थ वर्णन होय.

माजी राष्ट्राध्यक्ष आणि आता मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी असलेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी या नियमाशी चिवट झुंज दिली. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापतींना एवढेच विचारले, की गुलामांनी केला आहे असे दिसणारा एक अर्ज आपल्याजवळ आहे. तो या नियमाखाली येतो काय? दक्षिणेकडील सभासद खवळले, निंदाव्यंजक ठराव पुढे आले. मग अ‍ॅडम्स यांनी सांगितले, की अर्जातील मागणी गुलामगिरी रद्द करण्याची नसून नेमकी उलट आहे! न वाचलेल्या संहितेवर सभागृह संतापले होते. आशयापेक्षा अर्जदार कोण हाच खरा आक्षेप होता, हे यातून उघडे पडले. गुलामांना अर्जाचा अधिकार नाही, असा ठराव सभागृहाने अखेर केलाच. १८३८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी स्त्रियांच्या अर्जाधिकाराचेही दीर्घ समर्थन केले. ३ डिसेंबर १८४४ रोजी १०८ विरुद्ध ८० मतांनी नियम रद्द झाला. राजधानीतील गुलामगिरी संपण्यास मात्र १८६२ साल उजाडावे लागले.

अर्ज या लेखनप्रकाराची भाषा वरकरणी लीन असते. विनवणीच्या साच्यातच जाब विचारण्याची सोय असते, हे तिचे बळ. मराठी प्रदेशालाही हा प्रकार अपरिचित नव्हता : १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला होता. परंतु अमेरिकी प्रकरणाशी अधिक जवळचा धागा जोतीराव फुले यांचा आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. राष्ट्राध्यक्षाला वा काँग्रेसला नव्हे. नऊ वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाविषयी सरकारलाच जाब विचारला.