केशवपन : एका चिन्हाचे दोन अर्थ

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीतील यमूचे केशवपन हे स्त्रीदास्याचे प्रतीक होय, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान चुकीचे नाही; अपुरे आहे. प्रतीक लेखकाने निर्माण केले, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः विधवेचे केस आपट्यांच्या हाती आले ते आधीच अर्थाने भारलेले. विधवेने बांधलेला केशपाश परलोकी पतीला बंधनात टाकतो, असे स्कंदपुराणाच्या काशीखंडात सांगितले आहे. म्हणजे शास्त्राच्या संकेतव्यवस्थेत वपन हे पतीच्या मुक्तीचे चिन्ह. आपट्यांनी ते उलटवले. कादंबरीतील संघर्ष पात्रापात्रांत आहे, त्याहून अधिक तो एकाच चिन्हाच्या या दोन अर्थांत आहे.

विषय मराठीला नवा नव्हता. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) यमुना आणि विनायक यांना प्रवासात विधवांच्या दैन्याचे दर्शन घडते. (दोन्ही नायिकांचे नाव यमुना असावे हा योगायोगही असेल, तुलनेचा मोह मात्र टाळवत नाही.) तेथे विधवेचे मुंडित मस्तक हा पुरावा असतो, युक्तिवादासाठी मांडलेला. पुढे यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते, पुनर्विवाह करते. संघर्ष समाजाबाहेर पडून मिटतो. आपट्यांच्या यमूला असा दरवाजा नाही. शिवाय ती स्वतःच निवेदक आहे. पतीच्या प्रोत्साहनाने लिहू-वाचू लागलेली, ‘मी’ म्हणून आपली हकीकत सांगू शकणारी ही स्त्री सासरच्या वडीलधाऱ्यांच्या लेखी केवळ मृताची पत्नी उरते. तिच्या इच्छेविरुद्ध वस्तरा फिरतो तेव्हा सांगणारी आणि सोसणारी यांत अंतर राहत नाही. चिन्ह शरीराला येऊन भिडते. ‘यमुनापर्यटन’ला हे साधलेले नाही.

हे सारे ज्या काळात वाचले गेले तोही लक्षात घ्यावा लागतो. ‘करमणूक’ १८९० साली सुरू झाले आणि कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा मंजूर झाला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० साली मुंबईहून पुण्यास आले. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे वपन करण्यास नकार दिला. वस्तऱ्याला त्यामुळे तिसराच अर्थ आला: तो जातीने लादलेल्या कामाचे हत्यार ठरला, आणि ते खाली ठेवणे ही कृती ठरली. कादंबरीत हा अर्थ शिरत नाही. यमूच्या ‘मी’ला घराच्या माजघरातून जेवढे दिसते तेवढेच तीत येते, आणि त्या दृष्टीत वस्तरा धरणारा हा सासरच्यांच्या हुकमाचा धनी असतो, स्वतंत्र माणूस नव्हे. सुधारणावादी कादंबरीच्या रूढ इतिहासात या नकाराला सहसा जागा मिळत नाही, ती बहुधा याच कारणाने.