मुलाला हुनर शिकवणे: यहुदी धर्मशास्त्रात वडिलांची जबाबदारी

औलादीचे हक्क हा विषय आपल्याकडे बयानात नेहमी येतो. यहुदी धर्मशास्त्रात या हक्कांची सरळ यादीच आहे आणि रोजीरोटीचा हुनर शिकवणे हे त्यातले एक कर्तव्य आहे.

ही यादी ‘तलमूद’ या ग्रंथाच्या ‘किद्दुशीन’ भागात येते. तलमूद म्हणजे तौरातच्या नियमांवर यहुदी आलिमांनी, म्हणजे रब्बींनी, केलेल्या चर्चांचा संग्रह. वडिलांनी मुलाची खतना करावी, पहिला मुलगा असेल तर त्याचा फिदिया द्यावा, त्याला तौरात शिकवावी, त्याचे लग्न लावून द्यावे आणि हुनर शिकवावा, असे त्यात आहे. काहींच्या मते पोहणेही शिकवावे, कारण त्याने जीव वाचतो.

रब्बी यहूदा यांचे मत फार कडक होते. हुनर न शिकवणारा बाप मुलाला जणू लुटमारच शिकवतो, असे ते मानत. मग प्रश्न निघाला: मुलाला व्यापार शिकवला तर चालेल का? इतरांच्या मते चालेल, पण रब्बी यहूदांच्या मते नाही. व्यापाराला भांडवल लागते, ते बुडाले की हात रिकामे. हातातली कारागिरी मात्र बुडत नाही.

दुसरी बाजूही आहे. रब्बी मेईर म्हणत, स्वच्छ आणि सोपा धंदा शिकवा आणि दुआ करा, कारण श्रीमंती-गरिबी धंद्यावर ठरत नाही. रब्बी नेहोराय मात्र मुलाला फक्त तौरात शिकवू म्हणत. हा वाद आजही संपलेला नाही. इस्राएलमध्ये कट्टर धार्मिक हरेदी समाजाच्या अनेक शाळांत मोठ्या मुलांना गणित-इंग्रजी फारसे शिकवत नाहीत. तिथे नोकरी करणाऱ्या पुरुषांपेक्षा नोकरी करणाऱ्या बायकांचे प्रमाण जास्त आहे. जुन्या यादीत मात्र कमाईचे शिक्षण मुलापुरतेच होते.

मूसा बिन मैमून (मृत्यू 1204) हे यहुद्यांचे थोर आलिम. त्यांचा व्यापारी भाऊ दाऊद हिंदी महासागरात बुडाला. त्यानंतर मिसरमध्ये हकिमी करून त्यांनी घर चालवले. धार्मिक इल्म शिकून लोकांच्या खैरातीवर जगणे त्यांना मुळीच मान्य नव्हते.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हुनरही सांभाळला आणि दीनही.

आपल्यालाही हे नवीन नाही. हजरत दाऊद अलैहिस्सलाम पैगंबर आणि बादशाह असूनही चिलखते बनवत, हे आपण मुलांना सांगतोच. पण दहावीनंतर मुलाला दुकानावर बसवले की आपली जबाबदारी संपली, असे आपल्यातले कितीतरी पालक समजतात. दुकान उद्या बंद पडले तर त्याच्या हातात काय उरेल? मुलगा असो की मुलगी, हा प्रश्न आजच घरात विचारायला हवा.